मुक्कामी गाडी आणि वाढतं नाशिक

वणी ते नाशिक हे अंतर सुमारे ४० किलोमीटर. नोकरीची बहुतेक वर्षं मी ते एसटीच्या लाल गाडीने कापलं. कृष्णगाव, लखमापूर फाटा, अवनखेड, दिंडोरी, अक्राळे फाटा, ढकांबे, म्हसरूळ हे थांबे अजूनही झोपेत म्हणून दाखवेन. या वर्षांत म्हसरूळच्या अलीकडच्या द्राक्षबागा गेल्या, प्लॉट पडले, इमारती उभ्या राहिल्या. शहर आमच्या दिशेने सरकत आलं, पण आम्हाला शहरात नेणारी-आणणारी गाडी त्या वेगाने वाढली नाही. त्या प्रवासाने जे शिकवलं, ते लिहिते.

१. शहराची हद्द शेवटच्या गाडीने ठरते

मुलीला नाशिकच्या कॉलेजात घालायचं म्हटलं की आमच्याकडे फीच्या आधी एक प्रश्न येतो : "येताना गाडी किती वाजता?" ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत मिळतो. योजना मोलाचीच आहे. पण प्रॅक्टिकल संपायच्या आत गाडी सुटत असेल, तर पास दप्तरातच राहतो.

यात सगळ्यात मोठं मोल मुक्कामी गाडीचं आहे. रात्री शेवटची फेरी करून गाडी गावात येते, चालक-वाहक तिथेच झोपतात आणि पहाटे तीच गाडी शहराकडे निघते. पहाटेच्या त्या गाडीत कोण असतं ते मी बघत आले. सातपूरच्या कारखान्यांतले पहिल्या पाळीचे कामगार, हातात जेवणाचा डबा आणि मांडीवर हेल्मेट. सिव्हिल हॉस्पिटलला केसपेपरच्या रांगेत लवकर नंबर लागावा म्हणून निघालेली सासू-सून, सुनेच्या कडेवर तापाने फणफणलेलं पोर. मेथीच्या जुड्या ओल्या फडक्यात बांधून घेतलेली बाई, जी गठुडं सीटखाली सरकवताना प्रत्येकाला पाय वर घ्यायला सांगते. उत्पन्न कमी येतं म्हणून अशी गाडी बंद झाली, की दोन फेऱ्यांचं डिझेल वाचतं. पण त्या गाडीतला कामगार पंचवटीत खोली बघतो, पुढच्या वर्षी बायको-मुलांना नेतो. त्या खोलीचं पाणी, ड्रेनेज आणि दारातली मोटारसायकल यांचा भार शहरच उचलतं. मुक्कामी गाडीचा हिशेब एकट्या एसटीच्या खात्यात मांडला जातो, तो नगरनियोजनाच्या खात्यातही मांडला पाहिजे.

२. वेळ झाली की सुटते ती सेवा

२०२१ च्या दिवाळीच्या सुमाराला सुरू झालेला एसटीचा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कर्मचाऱ्यांची राज्य शासनात विलीनीकरणाची मागणी, त्यांचे पगार, त्या काळात झालेल्या आत्महत्या हे सगळं आम्ही जवळून ऐकलं आणि माझी सहानुभूती त्यांच्या बाजूने होती. त्या महिन्यांत आम्हाला जीपवाल्यांनी सांभाळलं, तेही विसरणार नाही. पण जीप भरली की सुटते आणि एसटी वेळ झाली की सुटते. दुपारी दोनला, उन्हात, चारच माणसं असताना जी निघते तिच्या भरवशावर माणूस नोकरी धरू शकतो. भरायची वाट पाहणाऱ्या गाडीच्या भरवशावर नाही.

३. म्हसरूळनंतरचा रस्ता सर्वांत लांब

वणीहून म्हसरूळपर्यंत गाडी झपाट्याने येते. मेरी ते दिंडोरी नाका एवढ्या टप्प्यात मात्र सगळी वाचलेली मिनिटं जातात. पन्नास माणसांची बस एकेका माणसाच्या मोटारीमागे उभी असते. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या टायरवरच्या मेट्रो निओसाठी २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले. त्याच वर्षी ८ जुलैला महापालिकेची सिटीलिंक बससेवा सुरू झाली. निओची अजून वाट बघतोय, सिटीलिंक मात्र धावते आहे. वाहकांच्या थकलेल्या पगारावरून ती अधूनमधून बंद पडली तरी तिने शहराला पुन्हा बसची सवय लावली. आता एसटीतून उतरणाऱ्याला पुढची सिटीलिंक त्याच थांब्यावर, त्याच तिकिटावर मिळावी आणि गर्दीच्या वेळी बसला एक मोकळी मार्गिका असावी. दोन्ही गोष्टींना मेट्रोसारखे खांब उभारावे लागत नाहीत.

४. यात्रेत जमतं ते रोज जमवता येतं

चैत्रात आणि कोजागिरीला सप्तशृंग गडावर लाखो भाविक येतात. तेव्हा खासगी वाहनं नांदुरीला पायथ्याशी थांबवतात आणि घाटातून फक्त एसटी चालते. एकामागून एक गाडी लागते, पोलीस आणि वाहतूक नियंत्रक रस्त्यावर उभे असतात. आपल्या प्रशासनाला हे येतं, आणि उत्तम येतं. २०१५ च्या सिंहस्थातही शहराबाहेर वाहनतळ आणि आत बस अशीच रचना होती. आताच्या सिंहस्थासाठीही रस्ते, वाहनतळ होतील. त्यातलं एखादं वाहनतळ दिंडोरी रोडला कायमचं राहावं, तिथून दर दहा मिनिटांनी बस सुटावी, एवढीच माझी इच्छा आहे. दुखणारी बाजूही सांगते : यात्रेला गाड्या ओढल्या की रोजच्या फेऱ्या रद्द होतात आणि पासवाली मुलं स्टँडवर ताटकळतात.

५. भाडं उतरलं की बाई बाहेर पडते

१७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं. माहेर, दवाखाना, बाजार, बचतगटाची बैठक ही कामं पुढे ढकलणाऱ्या बायका गाडीत दिसू लागल्या. गर्दीबद्दल कुरकुर करणाऱ्यांना मी एवढंच म्हणते, गर्दी वाढली तर गाड्या मागा.

६. गाडी मागायची तर कागदावर मागा

स्टँडवर तावातावाने भांडून फेरी सुरू होत नाही. अर्जात मार्ग, नेमकी वेळ आणि कोणत्या थांब्यावर किती माणसं चढतात ते लिहावं. पासधारकांची यादी, शाळा-कॉलेजच्या सुटण्याच्या वेळेचं पत्र आणि ग्रामसभेचा ठराव जोडावा. अर्ज आगार व्यवस्थापकांना द्यावा, प्रत विभाग नियंत्रकांना. पोच घ्यावी आणि वाटेतल्या दोन-तीन गावांच्या सह्या एकत्रच न्याव्यात, कारण एका गावाची फेरी तोट्यात दिसते, तीन गावांची दिसत नाही. फेरी सुरू झाल्यावर पहिले काही महिने जीप समोर उभी असली तरी एसटीनेच जावं. वाहकाच्या मशीनमधून निघालेलं प्रत्येक तिकीट आगारात मोजलं जातं.