लपायचं आणि दिसायचंही

निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रेला निघतात. मी दुसऱ्या महायुद्धातला एक इटालियन रणगाडा रंगवायला बसलो. फियाट-अन्साल्दोचा एल६/४०: वजनाने हलका, दोन माणसांचा, १९४० साली सैन्याने पसंत केलेला. खरा जेमतेम पावणेचार मीटर लांब. माझ्या टेबलावरचा अकरा सेंटिमीटर. त्याच्या नादी लागून जे उमगलं, ते असं.

१. लपण्याचा रंग नेमका कुठे लपायचंय हे ठरवून दिला जातो, असं मी धरून चाललो होतो. कारखान्यातून हे गाडे ‘काकी सहारियानो’ या वाळूकट खाकीत बाहेर पडत. पण बेर्साल्येरींच्या ६७व्या बटालियनने ते १९४२च्या उन्हाळ्यात थेट रशियात, डॉन नदीकाठी नेले. त्यात बेर्साल्येरी म्हणजे टोपीला काळ्या पिसांचा तुरा लावून मिरवणारी पलटण. लपण्याची हौस त्यांना मुळात किती असेल, कोण जाणे.

२. भिंग हे माझं सगळ्यात लाडकं हत्यार, आणि या कामात तेच सगळ्यात निरुपयोगी. खाकीवर हिरव्या बारीक नागमोडी रेषांची एक जुनी इटालियन तऱ्हा आहे. आम्ही मॉडेलवाले तिला ‘स्पगेटी’ म्हणतो. जवळून पाहिलं तर सांडलेल्या शेवयाच. पण गाडा खिडकीत ठेवून खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला गेलं, की रेषा विरघळतात आणि नुसता एक मळकट हिरवट रंग उरतो. शत्रू भिंग घेऊन येत नाही, एवढी साधी गोष्ट कळायला मला चष्मा काढावा लागला.

३. सगळ्यात गंमत वाटली ती पांढऱ्या गोलाची. सगळं अंग मातीच्या रंगात, आणि बुरुजाच्या माथ्यावर मोठा पांढराशुभ्र गोल! कशासाठी? आपल्याच विमानांनी आपल्यावर बॉम्ब टाकू नयेत म्हणून. बुरुजाच्या बाजूंना कंपनीच्या खुणेचे आयत: पहिलीचा लाल, दुसरीचा आकाशी, तिसरीचा पिवळा. आयतावर उभ्या पांढऱ्या पट्ट्या, त्यांवरून प्लाटून कळायची. मागची नंबरपाटी पांढरी, तिच्यावर इटलीच्या ‘राजसेने’चा संक्षेप लाल. म्हणजे शत्रूला दिसू नये आणि सोबत्याला चुकू नये, अशा दोन परस्परविरोधी मागण्या एकाच पत्र्यावर. हे आयत रंगवताना मला सारखं वाटायचं, की आपण हा गाडा लपवतोय की सजवतोय? मुलाचं मत विचारलं तर तो म्हणाला, “बाबा, कॅरमची सोंगटी वाटतेय.” मी पुढे विचारणं सोडून दिलं.

४. जुना फोटो म्हणजे पुरावा, हा माझा समज फार दिवस टिकला नाही. कृष्णधवल फोटोत तांबूस तपकिरी आणि गडद हिरवा हे एकाच राखाडी रंगात जाऊन बसतात. धूळ, ओल, ऊन यांचा हिशेब वेगळाच. हल्ली कोणी छातीठोकपणे रंगाची छटा सांगू लागला, की मी त्याला चहा पाजतो.

५. रंगाने फारसं काही वाचत नाही. वीस मिलिमीटरची तोफ आणि सुमारे तीस मिलिमीटरचं पुढचं चिलखत घेऊन हा रशियनांच्या टी-३४ रणगाड्याच्या जमान्यात उतरला. आत एक चालक, दुसरा नायक. आणि नायकानेच नेम धरायचा, तोफ भरायची, डागायची, वर हुकूमही द्यायचा. १९४२च्या डिसेंबरात डॉनची आघाडी कोसळली, त्यात हे गाडेही गेले.

६. उरलेल्यांचं पुढे काय झालं, हे शोधताना मात्र मी हरखलो. सप्टेंबर १९४३मध्ये इटलीने शस्त्रं खाली ठेवली, तेव्हा बरेच गाडे जर्मनांनी ताब्यात घेतले आणि त्यांच्यावर आपले क्रूस काढले. युद्ध संपल्यावर जे धड राहिले, त्यांतले काही इटालियन पोलिसांकडे आले. पोलिसांच्या गाड्यांचा रंग तेव्हा गर्द तांबडा. ज्याला लपवायला एवढा खटाटोप, तोच आता शहरातल्या रस्त्यावर लोकांना लांबून दिसावा म्हणून उभा! माझा पुढचा गाडा त्याच तांबड्या रंगातला. अस्तर देऊन झालंय. बायकोने विचारलं, “हा बंब कुठल्या नगरपालिकेचा?”