एबीएसचा दिवा विझतच नाही

प्रश्न: माझ्या २०१२ च्या गाडीत एबीएसचा दिवा सतत लागलेला असतो. मेकॅनिक अख्खे युनिट बदलायला सांगतो. बदलू का?
– एक वाचक, हजीरा (सुरत)

उत्तर: इतक्यात नको. आधी स्कॅनर लावून फॉल्ट कोड वाचून घ्या. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत बहुधा चाकाजवळचा स्पीड सेन्सर, त्याची वायर नाहीतर दातेरी रिंग खराब होते. चाकाचा वेग कळला नाही की यंत्रणा एबीएस बंद ठेवते. साधे ब्रेक लागतात; पण ओल्या रस्त्यावर जोरात दाबले तर चाके जाम होतात, स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. म्हणून दुरुस्ती लांबवू नका. ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर गाडी चालवूच नका. युनिटच गेले असेल, तर त्याच मॉडेलचे नवे घ्या. भंगारातले मुळीच नको. बसवल्यावर बऱ्याच गाड्यांत ब्रेकमधली हवा स्कॅनर लावूनच काढावी लागते, तेवढे आधी विचारून घ्या.