देश, काल, पात्र आणि एक खराटा



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२.

परवा एका वाचक मित्राचा मेसेज आला. "दादा, पूरग्रस्तांना पैसे द्यावेत की वस्तू? आणि दिलेलं खरंच पोचतं का?" योगायोग असा की आपल्या क्रमात नेमके दानाचे तीन श्लोक आले आहेत. म्हणून आज उत्तर जरा सविस्तर देतो. त्यात माझी एक चूकही सांगायची आहे.

आधी श्लोकांचा आशय बघू. भगवंत दानाचे तीन प्रकार सांगतात. देणं हे आपलं कर्तव्यच आहे असं समजून, परतफेड करू न शकणाऱ्याला, योग्य ठिकाणी, योग्य वेळी आणि योग्य व्यक्तीला दिलेलं ते सात्त्विक दान. काहीतरी परत मिळेल म्हणून, फळाकडे डोळा ठेवून किंवा नाखुशीने दिलेलं ते राजस. आणि भलत्या ठिकाणी, भलत्या वेळी, अपात्राला, मान न राखता, तुच्छतेने दिलेलं ते तामस.

कॉलेजात असताना हे वाचलं तेव्हा मला तामस दान म्हणजे लांबची गोष्ट वाटली होती. कोणीतरी श्रीमंत माणूस भिकाऱ्याच्या अंगावर नाणं फेकतो, तसं काहीतरी. आपण त्यातले नाही याची खात्रीच होती. ती खात्री २०१९ च्या ऑगस्टमध्ये गेली.

त्या वर्षीचा कृष्णा-पंचगंगेचा पूर तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे, पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ धोक्याची पातळी ४३ फूट, तिथे ५५ च्या वर. पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ अनेक दिवस बंद होता. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं गेली. आम्ही पुण्यात बसून फोनवर हे सगळं बघत होतो आणि आत्याचा फोन लागत नव्हता.

माझी आत्या शिरोळ तालुक्यातली. नृसिंहवाडी तिच्या गावापासून जवळ. तिथे पावसाळ्यात कृष्णेचं पाणी दत्त मंदिरात शिरतं आणि पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि लोक श्रद्धेने त्यात स्नान करतात. लहानपणी आत्याचा हात धरून मीही ते पाणी डोक्याला लावलंय. त्या वर्षी तेच पाणी तिच्या घरात दाराच्या वर गेलं. चार दिवसांनी कळलं की ती जयसिंगपूरला नातेवाइकांकडे सुखरूप आहे.

मग आम्ही सोसायटीत मदत गोळा करायला लागलो. मी एक्सेल शीट केली. किती खोकी, कोणत्या फ्लॅटमधून, काय काय, सगळं त्यात. कपडे, बिस्किटं, नूडल्स, पाण्याच्या बाटल्या. मीही माझे जुने टी-शर्ट दिले. त्यातला एक काखेत उसवलेला होता. खोक्यात टाकताना तो मला दिसला होता. 'चालतंय, त्यांना आत्ता काहीच नाहीये,' असं मनात म्हणून मी खोकं बंद केलं.

१८ ऑगस्टच्या रविवारी टेम्पो घेऊन आम्ही आत्याच्या गावी पोचलो. पूर ओसरला होता. रस्त्यावर चिखल, दारादारात भिजलेल्या गाद्या, कुजलेल्या धान्याचा वास. शाळेच्या एका खोलीत कपड्यांचा ढीग जवळजवळ छताला टेकला होता. एक तरुण पोरगा टेम्पोत डोकावला आणि म्हणाला, "कापडं नकोत दादा. खराटा हाय का?"

आमच्याकडे बिस्किटांचे सहाशे पुडे होते. खराटा एकही नव्हता.

आपण इंजिनिअर लोक एकमेकांना रोज सांगतो की आधी रिक्वायरमेंट विचारा, मग कोड लिहा. सोसायटीतल्या कोणाला, मलासुद्धा, त्या गावात एक फोन करायचं सुचलं नव्हतं. आत्या सापडल्यावरही नाही. तिला मी "कशी आहेस" एवढंच विचारलं होतं, "गावाला काय हवंय" हे नाही.

तरी पाकिटं वाटली. बायका रांगेत उभ्या होत्या. आमच्यातला एक जण फोटो काढत होता, ग्रुपवर टाकायला. सत्तरीच्या एका आजींना पाकीट देताना त्याने हाक मारली, "आजी, इकडे बघा जरा." आजींनी पदर पुढे ओढला. मी पाकिटाचं दुसरं टोक धरून कॅमेऱ्याकडे बघत होतो. हसत होतो.

संध्याकाळी आत्याकडे गेलो. ती दोनच दिवसांपूर्वी घरी परतली होती. भिंतीवर पाण्याची रेघ तशीच होती. तिने चहा केला. साखर आणि दुधाची पावडर मदतीत आलेली, तीच घालून. आम्ही नको म्हटलं तरी ऐकलं नाही. मी विचारलं, "आत्या, कपडे मिळाले का तुला?"

"काय करायचं रे कापडं घेऊन? वाळत घालायला दोरी न्हाई घरात."

मग थोडं थांबून म्हणाली, "काल बी पोरं आलती कुठली तरी. चांगली होती, खोटं कशाला बोलू. पण फोटो काढताना मान वर करा म्हणाली. मान वर हुईना बघ."

आयुष्यभर दारी आलेल्याला जेवल्याशिवाय न पाठवणारी ही बाई. माझ्या खिशातल्या फोनमध्ये त्या आजींचा फोटो होता. मी काही बोललो नाही. परतताना गाडीत बघितलं, तर ग्रुपवर त्याला पस्तीस अंगठे आले होते.

आता परत श्लोकांकडे येऊ.

भगवंत तामस दान सांगताना वस्तूच्या किमतीबद्दल बोलत नाहीत. ठिकाण आणि वेळ चुकणं, मान न राखणं आणि अवज्ञा यांबद्दल बोलतात. माझा उसवलेला टी-शर्ट म्हणजे अवज्ञा होती. समोरच्याला पदर ओढावा लागेल अशी वेळ आणणं म्हणजे मान न राखणं. माझा हेतू चांगला होता, पण हेतू चांगला असला की देण्याची पद्धत आपोआप चांगली होते असं नाही.

राजस दानही माझ्यात होतंच. पस्तीस अंगठे बघून मला बरं वाटलं होतं, हे लपवत नाही. मदतीच्या पाकिटांवर नेत्यांचे फोटो चिकटवल्याबद्दल त्या वेळी खूप टीका झाली. मीही चार शब्द लिहिले होते. माझा फोटो पाकिटावर नव्हता, पाकिटाशेजारी होता, एवढाच काय तो फरक. आणि पुढे मार्चमध्ये कर वाचवायच्या गडबडीत कळलं की ८०जीची सवलत पैशाच्या देणगीला मिळते, वस्तूंना नाही. तेव्हा क्षणभर वाईट वाटलं. सवलत घेण्यात गैर काही नाही. पण ते वाईट वाटणं मी लक्षात ठेवलंय.

आणि सात्त्विक? देश, काल, पात्र या तीन शब्दांवर आपण बहुतेक वेळा समोरच्याची परीक्षा घेतो. हा खरंच पूरग्रस्त आहे का? पैसे दारूत तर घालवणार नाही ना? फसवणूक होते, म्हणून चौकशी करावीच. पण मला त्या दिवसापासून वाटतं की हे तीन शब्द आधी देणाऱ्याला गृहपाठ देतात. देश: नेमकं कुठलं गाव, तिथे पोचलेलं काय आणि न पोचलेलं काय? काल: पूर चढताना बोट आणि कोरडं अन्न, ओसरल्यावर खराटा, फावडं, फिनेल आणि औषधं, आणि महिन्याभराने वह्यापुस्तकं, शेतातली मोटर, जनावरांची पेंड. पात्र: समोर कोण आहे? लहान बाळाची आई, साखरेचा त्रास असलेले आजोबा, की म्हैस वाचवलेला पण चारा नसलेला शेतकरी? हे विचारल्याशिवाय योग्य दान होणार कसं?

पुढच्या रविवारसाठी मी आत्याला फोन केला. तिने यादी सांगितली: खराटे, फावडी, फिनेल, ब्लीचिंग पावडर, बायकांसाठी पॅड आणि नवे आतले कपडे, पेंड, आणि वाळत घालायची दोरी. सोसायटीत वस्तू नाही, पैसे गोळा केले आणि जयसिंगपुरातल्या दुकानातून माल घेतला. टेम्पोचं भाडं वाचलं आणि तिथल्या दुकानदाराचाही धंदा झाला. या वेळी फोटो काढले नाहीत, पावत्यांचे मात्र काढले. देणाऱ्यांना हिशोब मिळायलाच हवा. त्यासाठी कोणाचा चेहरा लागत नाही.

दिवाळीपर्यंत गावात मदतीचे टेम्पो यायचे बंद झाले होते, पण मोटारी दुरुस्त व्हायच्या होत्या. तेव्हा ज्यांनी पैसे पाठवले, त्यांना काल हा शब्द कळला असं मी म्हणेन.

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: शक्यतो पैसे. एक तर मुख्यमंत्री सहायता निधीसारख्या ठिकाणी, किंवा जिथे आपला ओळखीचा माणूस प्रत्यक्ष काम करतोय आणि पावती देतोय तिथे. वस्तू द्यायच्या तर विचारून, आणि नव्या.

आजचा अभ्यास:

१. देण्याआधी एक फोन. "काय पाठवू?" आणि "काय पाठवू नको?" हे दोन्ही विचारायचं.

२. जी वस्तू आपल्या आत्याला द्यायला लाज वाटेल, ती खोक्यात टाकायची नाही.

३. घेणाऱ्याचा फोटो नाही. पावतीचा चालेल.

४. कॅलेंडरमध्ये तीन महिन्यांनंतरचा एक रिमाइंडर लावायचा आणि तेव्हा पुन्हा फोन करायचा.

तो फोटो मी ग्रुपवरून काढायला लावला, पण तोवर तो पुढे गेला होता. त्या आजींचं नावही मला माहीत नाही. आत्याला मी अजून हे सांगितलेलं नाही. आज हा लेख तिला वाचून दाखवणार आहे.

उद्या श्लोक २३ पासून, ॐ तत् सत्.

जय हरी.