बिनपंखी विमान आणि काळा दगड

ध्रुवप्रदेशाचा भूगोल शिकविताना ‘तेथे कडाक्याची थंडी असते’ एवढे सांगून मुलांस थंडीची कल्पना येत नाही. म्हणून पाठाचा आरंभ पुढील हकीकतीने करावा.

भूगर्भशास्त्रज्ञ डग्लस मॉसन यांनी अंटार्क्टिकावरील शास्त्रीय मोहिमेसाठी व्हिकर्स कंपनीचे विमान घेतले होते. ५ ऑक्टोबर १९११ रोजी ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे चाचणीच्या वेळी ते कोसळले. वैमानिक वॉटकिन्स व सोबतचे फ्रँक वाइल्ड बचावले. मॉसन यांनी वैमानिकास इंग्लंडला परत धाडले. विमान मात्र टाकले नाही. पंख उतरवून ते घसरगाड्या ओढण्यास न्यावे, असे त्यांनी ठरविले. त्या काळी विमान ही केवढी महाग व दुर्मिळ वस्तू होती, हे येथे सांगावे.

नकाशावर वसई १९ अंश उत्तर अक्षांशाजवळ दाखवावी, व मग ६७ अंश दक्षिणेवरील केप डेनिसन हा मोहिमेचा तळ दाखवावा. तेथे यंत्रज्ञ फ्रँक बिकर्टन यांनी त्या यंत्रावर कित्येक महिने खपून ते चालते केले. ३ डिसेंबर १९१२ रोजी ते दोन सोबत्यांसह पश्चिमेस निघाले. यंत्रामागे चार घसरगाड्या होत्या. जेमतेम १६ किलोमीटर गेल्यावर यंत्र कुरकुरू लागले व दुसऱ्या दिवशी थंडीने दट्ट्या अडकून बंदच पडले.

थंडीचा यंत्राशी काय संबंध, असे मुले विचारतीलच. खोबरेल तेलाची एक बाटली उन्हात व दुसरी बर्फात ठेवावी. वसईच्या किनारपट्टीवर मासळीच्या पेटीतील बर्फ सहज मिळतो. थोड्या वेळाने दोन्ही बाटल्या मुलांनाच उपड्या करू द्याव्यात. वंगणाचे तेलही थंडीत असेच दाटते. ते नीट न पोचल्यास दट्ट्या घासून अडकतो. होडीचे यंत्र पाहिलेली मुले येथे स्वतःच बोलू लागतील. त्यांस थांबवू नये.

यंत्र सोडून तिघे पायी निघाले. ५ डिसेंबरला त्यांस बर्फात एक काळा दगड दिसला. वजन सुमारे एक किलो. तो आकाशातून पडलेली अशनी निघाला. अंटार्क्टिकावर सापडलेली ती पहिली अशनी. पुढे त्या खंडावर हजारो अशनी मिळाल्या. भरधाव यंत्रावरून तो दगड दिसला असता काय, आणि आपल्या शेतात पडलेली अशनी ओळखणे अवघड का, हे दोन प्रश्न वर्गास घालावेत व उत्तरे वहीत लिहवून घ्यावीत.