जोडलांकडाची लेखणी

विद्यार्थ्याच्या हातीं रोज असणाऱ्या वस्तूंत लेखणी ही पहिली. तरी ती कशी घडते याचा विचार आपण क्वचितच करितों. बोरू चाकूनें तासून घेण्याचे दिवस गेले, आणि कारखान्यांतील लेखणी अल्प किंमतींत मिळूं लागली. असें असूनही अनेक हौशी कारागीर निरनिराळ्या रंगांच्या लांकडांचे तुकडे एकमेकांस चिकटवितात, तो ठोकळा लेथवर कातितात आणि त्यांतून लेखणी काढितात. या कामांत वर्गांतील भूमिति हाताशी कशी येते, तें या लेखांत पाहूं.

या लेखणीवरील नक्षी रंगविलेली नसते. सावंतवाडीचा कातारी फिरत्या लांकडावर लाखेची कांडी दाबून धरितो. घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळते व रंग वर चढतो. जोडलांकडांत रंग लांकडाचा स्वतःचाच असतो. शिसवाचा काळपट, हेदूचा पिवळा, काळ्या कुड्याचा हस्तिदंतासारखा पांढरा, असे रंग आपल्याकडील झाडेंच देतात.

ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडांत केंट परगण्यांतील टनब्रिज वेल्स येथील कारागीर एकोणिसाव्या शतकांत रंगीबेरंगी लांकडांच्या काड्यांची मोळी चिकटवून ती लेथवर कातीत व लहानसहान वस्तु बनवीत. हिरवा रंग हवा असल्यास ते एका बुरशीमुळें हिरवें पडलेलें ओकचें लांकूड घेत; करडा हवा असल्यास हॉली नांवाच्या झाडाचें पांढरें लांकूड तेथील लोहयुक्त झऱ्याच्या पाण्यांत भिजत ठेवीत.

आतां आपण गांठीचा नमुना घेऊं. शिसवाचा १९ मिलिमीटर जाडीचा, चारही कोन काटकोन असलेला, पूर्ण वाळलेला ठोकळा घ्यावा. त्याच्या मध्यावर ४५ अंशांत तिरपा काप देऊन दोन भाग करावे, व मध्यें पांढऱ्या लांकडाची पातळ पट्टी घालून चिकटवावें. कापाच्या तोंडाशीं लांकडाचीं छिद्रें उघडीं असल्यानें तीं सरस पिऊन टाकितात. म्हणून प्रथम पातळ हात द्यावा व थोड्या वेळानें दुसरा. शिकंजांत एक दिवस वाळूं दिल्यावर ठोकळा पाव फेरा फिरवून त्याच खुणेवर पुन्हा कापावा. असें चार वेळां करावें. चार जोडांस चार दिवस लागतात. घाई केल्यास जोड पुढें लेथवर सुटतो.

सर्व कौशल्य त्या पट्टीच्या जाडींत आहे. करवत चालते तेव्हां तिच्या वाटेंतील लांकूड भुसा होऊन जातें. जितकें गेलें तितकेंच पट्टीनें भरून काढिलें पाहिजे. समजा, पट्टी पाव मिलिमीटर अधिक जाड झाली. काप ४५ अंशांचा असल्यामुळें ठोकळ्याचे दोन भाग लांबीच्या दिशेनें सुमारें ०.३५ मिलिमीटर दूर जातात. प्रत्येक नवा काप आधींच्या पट्ट्यांनाही छेदून जातो. त्यामुळें त्यांचीं तुटलेलीं टोकें तितक्याच अंतरानें चुकतात. ती चूक पुढील जोडानें मिटत नाहीं; उलट तींत नवी भर पडते. दिसावयास केसाएवढी असलेली चूक चौथ्या कापानंतर डोळ्यांत भरते.

जोड पुरे झाल्यावर ठोकळ्याच्या बरोबर मध्यांतून ७ मिलिमीटरचें भोंक पाडावें. सामता वारंवार बाहेर काढून भुसा झाडावा. तो तापला कीं सरस मऊ पडतो. भोंकांत पितळेची नळी बाहेरून खरखरीत करून चिकटवावी व टोकें नळीशीं काटकोनांत साफ करावीं.

मग ठोकळा लेथवर चढवावा. धारदार पटाशीनें हलके हलके काप घ्यावे. लेखणी १२ मिलिमीटर व्यासाची झाली म्हणजे नळीभोंवतीं लांकूड केवळ अडीच मिलिमीटर उरतें. तेथें जोर केल्यास तुकडा उडतो. म्हणून डोळ्यांस चष्मा असावा, बाह्या सैल नसाव्या, व जवळ जाणता मनुष्य असावा. कांचकागद लावण्यापूर्वी पांढऱ्या लांकडावर चपडीचा पातळ हात द्यावा. नाहींतर शिसवाची काळी भुकटी त्याच्या छिद्रांत शिरून तें मळकट करिते.

लांकूड गोल होऊं लागलें कीं पट्ट्यांच्या सरळ रेघा वांकतात आणि एकमेकींत गुंफलेल्या कड्यांसारख्या दिसूं लागतात. याचें कारण भूमितींत आहे. वर्तुळचिती तिरपी कापिली असतां लंबवर्तुळ मिळतें. १२ मिलिमीटर व्यासाच्या चितीस ४५ अंशांत छेदिल्यास त्या लंबवर्तुळाची रुंदी १२ व लांबी सुमारें १७ मिलिमीटर येते. ठोकळा असतांना १९ मिलिमीटर पसरलेली गांठ लेखणीवर १२ मिलिमीटरांत आटोपते. लेखणी अधिक बारीक केली तर ती आणखी आंखडते. वहींत काढिलेली ही आकृति मुलास येथें बोटानें चांचपून पाहतां येते, हें पालकांनींही ध्यानांत घ्यावें.

ज्यास हें काम आरंभावयाचें असेल त्यानें प्रथम टाकाऊ लांकडावर एकच काप घ्यावा. ४५ अंशांची खांच असलेल्या लांकडी पेटींत ठोकळा धरून हातकरवतीनेंच कापावें. फिरत्या करवतीजवळ आंखूड तुकडे हातांत धरणें धोक्याचें आहे. करवतीच्या वाटेची रुंदी मोजून तेवढीच पट्टी तासावी व जोडावी. ठोकळ्याच्या कडेवरून नख फिरवितां तें कोठेंही अडेनासें झालें, म्हणजे मग चार कापांच्या गांठीस हात घालावा.