ग्रीसच्या बेटावर व्हिला घेताना

प्रश्न : सत्तरीतले आई-बाबा आणि दोन लहान मुलांसह ऑगस्टमध्ये सँटोरिनीला व्हिला घ्यावा का?

उत्तर : सँटोरिनीचा मोह आवरा. तिथल्या ईया गावातले ते पांढरेशुभ्र व्हिला कड्याच्या उतारावर आहेत. गाडी वरच थांबते, पुढे बॅगा घेऊन पायऱ्याच पायऱ्या. आईंच्या गुडघ्यांना ते झेपायचं नाही. त्यापेक्षा क्रीट बेटावर, हान्या शहराजवळ तळमजल्याचा व्हिला बघा. दारापर्यंत गाडी जाते, विमानतळही जवळ आहे. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर ‘मेल्तेमी’ हा उत्तरेचा वारा दिवसच्या दिवस घोंघावतो, म्हणून अंगण आडोशाचं हवं. पैसे भरण्यापूर्वी मालकाला एक गोष्ट नक्की विचारा : पोहण्याच्या तलावाला कुंपण आहे का? बऱ्याच ठिकाणी नसतं, आणि लहान मुलं असताना इथे तडजोड नकोच. शेंगेन व्हिसाची तयारी मात्र आत्ताच सुरू करा.