थकलेल्या बैलाचे अखेरचे दिवस

दिवाळीच्या सुट्टीनंतर वसतिगृहात परतलेल्या सातवीच्या एका विद्यार्थ्याने विज्ञानाच्या तासाला विचारलेला प्रश्न या लेखाचे निमित्त आहे. "सर, आमचा म्हातारा बैल दोन दिवसांपासून उठत नाही. आजोबा म्हणतात, त्याचे दिवस भरले. मग आता त्याच्यासाठी काही करायचे असते का?" पाठ्यपुस्तकात पाळीव जनावरांच्या उपयोगांची यादी असते, उपयोग संपल्यानंतरच्या दिवसांचे पान नसते. त्या दिवशीचा तास त्या प्रश्नालाच दिला. तेव्हा सांगितले तेच येथे थोडे विस्ताराने मांडतो.

टेंभुर्णीच्या शिवारात बैल तिसऱ्या-चौथ्या वर्षी औताला जुंपला जातो आणि दहा-बारा वर्षे राबतो. निगा चांगली राहिली तर तो वीस वर्षांपर्यंतही जगू शकतो. म्हणजे काम संपले तरी आयुष्य उरते. पूर्वी अशी जनावरे बाजाराची वाट धरीत. २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आहे, त्यामुळे थकलेल्या बैलाला गिऱ्हाईक उरलेले नाही. बसून खाणाऱ्या जनावराचा खर्च लहान शेतकऱ्याला जड जातो, हे मान्य केलेच पाहिजे. कडबा विकत घेणाऱ्यालाच ते कळते. तरीही रात्री दावे सोडून त्याला परक्या शिवारात हाकलणे हा उपाय नव्हे. प्राण्यांच्या क्रूर वागणुकीस प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार जनावराला पुरेसे चारा-पाणी न देणे आणि ते उपाशी मरेल अशा स्थितीत टाकून देणे, हे दोन्ही गुन्हे आहेत.

बैलाचे वय दातांवरून ओळखतात, हे तुम्ही बाजारात पाहिले असेल: दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. म्हातारपणी खरी अडचण होते ती दाढांची. त्या झिजल्या की अर्धवट चावलेल्या चाऱ्याचे बोळे तोंडातून गळतात आणि शेणात लांब काड्या दिसू लागतात. "बैलाने खाणे सोडले" असे आपण म्हणतो. पुष्कळदा त्याला खायचे असते, चावता येत नसते. कडब्याची बारीक कुट्टी करून ती पाण्याने भिजवावी, पेंड मऊ करून द्यावी, कोवळा हिरवा चारा थोडा थोडा चार-पाच वेळा पुढे करावा. मायेपोटी एकदम पायलीभर धान्य घालू नये. पोटात आम्ल वाढून तेच जिवावर बेतते. हौदापर्यंत चालवत नसेल तर बादली त्याच्यापाशी न्यावी. मान उंचावून बांबूच्या नळकांड्याने औषध किंवा पाणी बळेच ओतण्याची रीत मात्र सोडून द्यावी. अशक्त जनावराला गिळता येत नाही, पाणी फुप्फुसात उतरते आणि दोष आजाराला दिला जातो.

बैल बसला आणि उठेनासा झाला, की खरी परीक्षा सुरू होते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात सतत वायू तयार होतो व तो ढेकरेवाटे बाहेर पडतो. बैल कुशीवर आडवा पडून राहिला तर ढेकर अडते, पोट फुगते, फुप्फुसे दाबली जातात. म्हणून त्याला छातीवर बसते ठेवावे आणि भुसा भरलेली पोती दोन्ही बाजूंनी टेकू म्हणून लावावीत. खाली भुश्याचा जाड थर हवा. फरशीवर किंवा दगडगोट्यांवर खुबे सोलवटतात. दर तीन-चार तासांनी कूस बदलावी, रात्रीसुद्धा. चारशे किलोचे धूड एकाच पायावर पडून राहिले तर त्या पायाचे स्नायू मरतात. मग मूळ आजार बरा झाला तरी तो उठू शकत नाही. ओले झालेले अंथरूण रोज बदलावे, जखमांवर माशा बसू देऊ नयेत, कारण अळ्या पडायला फार वेळ लागत नाही.

पशुवैद्यकाला बोलवावेच, १९६२ हा निःशुल्क क्रमांक त्यासाठीच आहे. वेदनाशामक औषध त्यांच्या सल्ल्यानेच द्यावे. जनावरांसाठी डायक्लोफेनॅक वापरण्यावर २००६ मध्ये बंदी आली, कारण ते टोचलेल्या जनावरांचे मांस खाऊन देशभरातील गिधाडे मेली. मेलॉक्सिकॅम हा त्यास सुरक्षित पर्याय आहे. वेदना असह्य व आजार असाध्य असेल तर वेदनारहित मरणाची तरतूद कायद्यात आहे. परंतु तो निर्णय पशुवैद्यकाने तपासल्यावर अधिकाऱ्यांनी घ्यावयाचा असतो, आपण नव्हे.

आता शेवटचे काम. गावगाड्यात मेलेले ढोर ओढून नेणे महारांवर लादलेले होते. ज्याने आयुष्यभर राबवून घेतले, तो मालक मेल्यावर त्याला हातही लावीत नसे. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या परिषदेने सवर्णांना आवाहन केले होते, की त्यांनी आपली मेलेली जनावरे स्वतः पुरावीत. चवदार तळ्याचा सत्याग्रह सर्वांना ठाऊक असतो, हा ठराव क्वचितच आठवतो. पुरण्यासाठी खड्डा पुरुषभर खोल असावा, विहीर आणि ओढ्यापासून लांब असावा, कलेवरावर चुना पसरून वर निदान तीन फूट माती यावी. नाहीतर कुत्री ते उकरून काढतात.

त्या विद्यार्थ्याचा बैल पुढे नऊ दिवस जगला. आजोबा आणि चुलते रात्री पाळीने उठून त्याची कूस बदलत होते, असे रविवारी भेटीला आलेल्या वडिलांनी सांगितले. खड्डा घरच्यांनीच खणला. जागा विहिरीपासून लांब निवडली ना, एवढेच मी विचारले. ते म्हणाले, "पोरानं फोनवर आधी तेच विचारलं होतं."